तैलचित्रांना कडू तेल

मी एकदा तैलचित्रांना तेल लावलं. थोडीथोडकी नाही, सदतीस चित्रं होती. जुन्या धोतराचा बोळा घेतला, एकेक चित्र मांडीवर ठेवलं आणि दारा-खिडक्यांना लावतात ते उंडीच्या बियांचं कडू तेल चोळचोळून लावलं. वर उन्हात वाळत घातलं. तैलचित्र म्हणजे ज्याला तेल लावायचं असतं ते चित्र, असा मी अर्थ केला होता. अर्थ करायची मला भारी हौस. मराठी चौथी पास झालेली होते ना! आंजर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत आपल्याइतकी शहाणी दुसरी कोणी नाही, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

नातवंडं हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि पोट धरधरून हसतात. मीही हसते. हसण्यासारखंच आहे ते. पण त्यांना मी अर्धाच सांगते. उरलेला इथे लिहिते आहे, कारण कागद मध्येच "मग काय झालं गो आजी?" असं विचारत नाही.

लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि हा उद्योग केला तेव्हा अठराची. साल पंचवीस की सव्वीस असेल. घर मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे अंगण, अंगणाला जांभ्या दगडाचा गडगा. घरात माणसं तीनच: सासूबाई, माझे यजमान आणि मी. यजमानांना मी इथे "हे"च म्हणते. नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती, आता सवय नाही. हे शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. पोरांना फळ्यावर घडा, कपबशी, केळीचं पान काढून दाखवायचं आणि संध्याकाळी छत्री सांभाळत घरी यायचं, अशी नोकरी. पण सुट्टी लागली की माणूस पालटायचा. खांद्याला पडशी, हातात रंगांची पेटी, की निघाले. कधी आगबोटीने, कधी कोणाच्या बैलगाडीतून, बहुतेक वेळा पायी. संगमेश्वराकडचे कातळाचे सडे, चिपळूणच्या बाजूची खेडी, खाड्यांच्या काठची गावं. आठ-दहा दिवसांनी उन्हाने काळे होऊन परत यायचे आणि पेटीत पाच-सहा ओली चित्रं असायची.

चित्रं इवलीशी. वीतभर लांब, पाच-सहा बोटं रुंद. चिरुटांच्या पेट्यांची झाकणं कुठून तरी मिळवायचे, ती नसली तर सुताराकडून पातळ फळ्या कापून आणायचे. एवढ्याशा फळीवर नांगरणी, लावणी, भाताची उडवी, ओढ्यात बसलेल्या म्हशी, खाडी उतरणारा पडाव, असलं सगळं. जवसाच्या तेलात कालवलेले ते रंग आणि टर्पेंटाइन यांचा वास माजघरापर्यंत यायचा आणि सासूबाई पदर नाकाला लावून देवपूजा करायच्या.

"एवढी लहान का काढता?" मी एकदा विचारलं.

"पेटीत मावतात म्हणून."

"मग मोठी पेटी घ्या की."

"मोठी पेटी खांद्यावर मावत नाही."

संपलं. आमची बोलणी सगळी त्या फळ्यांच्याच मापाची असायची.

परत आल्यावर चित्रं घरातल्या दुसऱ्या, मोठ्या पेटीत जायची. हे शाळेत गेले की मी ती पेटी उघडून चित्रं बघायची. पेटीला आतून खाचा होत्या, एका चित्राला दुसरं लागू नये म्हणून. मी एकेक उपसून काढायची आणि परीक्षा घ्यायची. मी शेतीवाडीच्या घरातली, मला कोण फसवणार! जोत चुकलंय, नांगर डावीकडे कललाय, उडवी इतकी उभट असती तर पहिल्या वाऱ्याला लोळली असती. मनातल्या मनात यांना मी कितीदा नापास केलं असेल. लावणीच्या बाया तर माझ्या डोक्यात जायच्या. ओळीने वाकलेल्या, आणि एकीलाही तोंड नाही. एकदा राहवलं नाही.

"या बायकांना नाकं का नाहीत हो?"

"लांबून नाक दिसत नाही."

"मला दिसतं. मी बंदरात उभी राहून होडीतल्या मामीची नथ ओळखते."

"मग तूच काढ चित्रं."

आतून सासूबाई म्हणाल्या, "काढीलही गो ही! पण घरात एक रंगारी पुरे झाला."

खरं सांगायचं तर नाकांचं दुःख नव्हतं. दुःख असं की एवढ्या सगळ्या बायका यांनी काढल्या, त्यांत मी कुठेच नव्हते. वाकलेली पाठ जरी माझी असती तरी मी ती ओळखली असती आणि वर्षभर मिरवली असती. विचारायची हिंमत नव्हती. म्हणून नाकांवरून भांडत होते.

एकाच प्रवासाला हे मला घेऊन गेले. माहेरी आंजर्ल्याला सोडायला म्हणून. आंजर्ल्याला जायचं तर बोटीने हर्णैला उतरावं, हे तिकडचं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही उतरलो दाभोळला. का, तर यांना दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी होड्या काढायच्या होत्या. मला एका ट्रंकेवर बसवलं, "एवढं झालं की निघू" म्हणाले, आणि पेटी गुडघ्यावर उघडून बसले ते उन्हं कलेपर्यंत. भोवती ही गर्दी. कोळी आपली कामं टाकून बघायला उभे.

"मास्तर, माजी होडी काय ती?"

"हो."

"मग शीड फाटका कशाला काडलाव? काल शिवलाय मी!"

"मला फाटकं दिसलं."

"तुमच्या डोळ्यांत टाका घाला, शिडाला नको!"

सगळे हसले, हेही हसले. इतके मोकळे हसताना मी यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. मी ट्रंकेवर बसून, तोंडावर पदर ओढून, मासळीच्या वासाने डोकं उठलेली. शेजारी एक मासळीवाली टोपली मांडून बसली होती. तरणीताठी, नाकात चमकी, बोलण्याला फटकळ. यांनी तिला म्हटलं, "बाई, जरा अशीच बसा," आणि तिचं चित्र काढलं. तोंडासकट! नाकासकट! चमकीचा टिपूससुद्धा टेकवला. म्हणजे जवळून नाक दिसत होतं तर. मी तिच्याहून जवळ होते, दोन हातांवर, ट्रंकेवर. आंजर्ल्याला पोचायला त्यामुळे दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. आईने विचारलं, "वाटेत कुठे अडकलात?" मी म्हटलं, "एका टोपलीत."

आता पुढचं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुंबईचे एक गृहस्थ रत्नागिरीला आपल्या नातलगांच्या बागेत आंब्यांसाठी येऊन राहिले होते. चित्रांतले मोठे जाणकार. त्यांनी शब्द टाकला की मुंबईत चित्रं भिंतीवर लागतात, असं हे सांगायचे. एका दुपारी ते आमच्याकडे आले. यांनी सदतीसच्या सदतीस चित्रं ओटीवर भिंतीला टेकवून मांडली. मी दाराआड उभी राहून कोकमाचं सरबत आत-बाहेर करत होते आणि कान लांबवत होते. "छान" हा शब्द मला तीनदा स्पष्ट ऐकू आला. कशाला छान, ते नीट कळलं नाही. मी तो चित्रांच्या खात्यावर टाकला. पाहुणे गेले. हे चित्रं गोळा करीत होते. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले रे?"

यांनी पेटीत चित्रं सरकवता सरकवता सांगितलं, "चित्रं पाठवा म्हणाले. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने. मुंबईत प्रदर्शनात मांडतील. मग... दिवाळीनंतर मला तिकडेच बोलावतील."

"शाळा?"

"सोडायची."

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी काय केलं? मी सगळीकडे सांगत सुटले. विहिरीवर सांगितलं, देवळात सांगितलं, बांगड्या भरायला बसले तिथे कासाराला सांगितलं. "आमचं दिवाळीनंतर मुंबईला बिऱ्हाड." दोन दिवसांत तर मी चालायचीच वेगळी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुंबईत पाणी नळाने येतं म्हणतात, खरं का गो?" तर मी अशी उत्तरं दिली, जणू जन्म गिरगावात गेला. आठवड्यात ही बातमी यांच्या शाळेत पोचली. हेडमास्तरांनी यांना बोलावून विचारलं, केव्हा सोडता, दुसरा माणूस बघायला हवा. हे घरी आले ते तोंड उतरवून.

"तुला कोणी सांगितलं होतं गावभर दवंडी पिटायला?"

"खरी गोष्ट सांगायला काय चोरी?"

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, अजून दोन-तीन चित्रं हवीत, जाऊन येतो. आणि गेले संगमेश्वराकडे. जाताना एवढंच बजावलं, "बोट सुटायच्या आत येतो. चित्रं सांभाळ. दमट हवा लागू देऊ नकोस."

लागू देऊ नकोस! हे कोणाला सांगितलं? मला, शहाणीला.

वैशाख संपत आला की आमच्याकडे लाकडी ते सगळं तेल पितं. दारं, खिडक्या, पाट, झोपाळ्याच्या कड्या अडकवलेली तुळई. पावसाचं पाणी लाकडात मुरू नये म्हणून कडू तेलाचे दोन हात द्यायचे. सासूबाईंनी तेलाचं मडकं माझ्यापुढे ठेवलं, "लाकडाला तेवढं लाव गो सगळ्या," म्हणाल्या आणि आंब्याच्या रसाची साठं घालायला बसल्या. मी दारं केली, खिडक्या केल्या, आणि मग माझी अक्कल धावली. चित्रं लाकडावरच आहेत. दमट हवा लागायला नको आहे. लोणच्यावर तेलाचा थर असला तर बुरशी येत नाही. आणि या चित्रांचं नावच मुळी तैलचित्रं! एवढे पुरावे एका बाजूला उभे राहिल्यावर वकीलसुद्धा हरला असता.

सासूबाईंना विचारलं नाही. यांना आश्चर्य वाटावं अशी इच्छा होती. बसले ओटीच्या पायरीवर. पहिल्या चित्राला तेल लावलं आणि काय सांगू, रंग असे झळकले! खाडी ओली झाली, भात हिरवंगार झालं. मी मनात म्हटलं, एवढं साधं यांना सुचलं नाही. मग दुसरं, तिसरं. काही चित्रं अजून पुरती वाळलेली नव्हती, ती बोळ्याला रंग सोडू लागली. मी म्हटलं, मळ निघतोय. ओढ्यातली म्हैस डोंगरात शिरली. वाकलेल्या बायका चिखलात विरघळल्या. दाभोळची मासळीवाली हाताला आली तेव्हा तिला, आता या वयात लपवून काय करायचं, जरा जास्तच चोळलं. चमकी गेली, मग नाक गेलं. मला वाईट वाटलं नाही.

सदतीस चित्रं गडग्यावर ओळीने वाळत घातली, साठांच्या शेजारी. वारा होता, लाल धूळ उडत होती. ते तेल काही वाळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. दारांना लावलेलं आठ-आठ दिवस हाताला लागायचं. पण दार आणि चित्र यांत फरक असणार असं मी धरून चालले. संध्याकाळी प्रत्येक चित्र वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळलं, पेटीत दाबून भरलं आणि वरून सुतळी आवळली. पाठवायला तयार!

हे चौथ्या दिवशी दुपारी आले. हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसले. मी गुळपाणी देण्याच्या आधी पेटी आणून पुढ्यात ठेवली. यांनी सुतळी सोडली. एक पुडकं घेतलं. कागद निघेना. ओढला तसं आभाळ कागदाबरोबर आलं. दुसरं घेतलं. त्यावर वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटली होती. नांगरणाऱ्या बैलांच्या पाठीवर कसल्याशा औषधाची जाहिरात, उजवीकडून डावीकडे. तिसऱ्यावर लाल धुळीत दोन माश्या रुतून बसल्या होत्या.

"काय लावलंस?"

"तेल."

"कुठलं?"

"उंडीचं. कडू."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एकही सोडलं नाही. दोन हात दिले," मी म्हटलं. आवाज तोवर माझा बारीक झाला होता.

आणि हे हसले. आधी हळू, मग मोठ्याने, दाभोळच्या धक्क्यावर हसले होते तसे. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मी रडायला लागले. सासूबाई धावत बाहेर आल्या, त्यांनी पेटीत डोकावलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माझ्या मुलाच्या नशिबावर तेल ओतलंन गो हिने!"

हे डोळे पुसून म्हणाले, "आता काही पाठवता येणार नाही." इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, जशी एखाद्याने दिवसभर डोक्यावर वागवलेली पाटी उतरवून ठेवावी. त्या दिवशी मला ते दुःखाचं लक्षण वाटलं. अर्थ करण्यात मी हुशार, हे वर सांगितलंच आहे.

शेवटची बोट गेली, पाऊस लागला, दिवाळी झाली. हे शाळेतच राहिले. हेडमास्तरांना सांगितलं, बायकोने चित्रं नासली, आता कसला जातो. सगळ्या शाळेला हळहळ वाटली. त्यानंतर लग्न असो, मुंज असो, चार माणसं जमली की हे सांगायचे, "आमच्या हिने माझ्या चित्रांना अभ्यंग घातला. उटणं तेवढं राहिलं!" माणसं हसायची, मग माझ्याकडे बघायची, मग यांच्याकडे बघून च्यक् च्यक् करायची. केवढा कलावंत माणूस, आणि पदरात काय पडलं! रंगांची पेटी यांनी पुन्हा उघडली नाही. कोणी विचारलं, मास्तर, हल्ली काढत नाही वाटतं, तर हे काही न बोलता माझ्याकडे एकदा बघायचे. तेवढं पुरायचं.

रागावले असते तर मी सहन केलं असतं. भांडले असते तर मीही भांडले असते, मला येतं चांगलं. एक शब्द बोलले नाहीत. आणि मी त्या न बोलण्याला यांचा मोठेपणा समजले. तो मोठेपणा फेडत बसले. उन्हाळ्यात माहेरी जायचं सोडलं. कुठल्या तोंडाने जाते म्हणावं? यांना राग आला की आधी माझी मान खाली. पुढे शिकून मराठी सातवीची, फायनलची परीक्षा द्यायची, मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायचं, असं लग्नानंतर ठरलं होतं. यांनीच कबूल केलं होतं. तो विषय मी काढला नाही. काढला असता तरी सासूबाई बसल्याच होत्या. "चौथी शिकून काय दिवे लावलेन ते बघितलं, तेही कडू तेलाचे. आणखी शिकली तर घर पेटवील." फळ्या फुकट का घालवा, म्हणून त्यांनी मिठाच्या आणि तिखटाच्या बरण्यांवर त्या झाकणं म्हणून घातल्या, रंगाची बाजू वर. आत तिखट राहायला हवं ना स्वच्छ! मी रोज आमटीत मीठ घालताना एक खाडी उचलून बाजूला ठेवायची. सासूबाई वारल्या त्या मला सुनेपेक्षा अपघात समजूनच वारल्या.

अशी बारा वर्षं गेली. मला तीन मुलं झाली, केस पिकायला लागले. सदतीस की अडतीस सालच्या उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला ओटीवर काठी वाजली. बघते तर मुंबईचे गृहस्थ. थकले होते, पण मी लगेच ओळखलं. आंब्यांसाठी पुन्हा आले होते. जाता जाता मास्तरांना भेटावं म्हणाले. हे शाळेच्या कसल्याशा कामाला गेले होते, यायला वेळ होता. मी त्यांना झोपाळ्यावर बसवलं, सरबत दिलं आणि मनात म्हटलं, आज नाही तर कधी नाही. बारा वर्षं पाठ केलेलं होतं. पदर सावरून उभी राहिले आणि म्हणून टाकलं.

"आपण मागवलेली चित्रं माझ्या हातून नासली. यांचं मुंबईला येणं माझ्यापायी राहिलं. यांनी मला कधी दूषण दिलं नाही, पण आपली क्षमा मागायची राहिली होती."

"कोणती चित्रं?"

"ती लहान, फळ्यांवरची. शेवटच्या बोटीने पाठवायची होती ती."

ते जरा गोंधळले. सरबताचा पेला खाली ठेवला. "बाई, मी चित्रं मागवली नव्हती."

मला वाटलं, वय झालं, विसरले. मी आठवण करून दिली. प्रदर्शन, दिवाळीनंतरचं बोलावणं, शाळेचा राजीनामा. ते अगदी सौम्यपणे, शाळेत पोराला चुकलेलं गणित समजावतात तसं म्हणाले, "तसं नव्हतं ते. मी मास्तरांना म्हटलं होतं, हात स्वच्छ आहे, प्रवासाची हौस आहे, पण असं काम करणारे मुंबईत शंभर आहेत. नोकरी सोडू नका. चित्रं घरात ठेवा, बायकामुलांना दाखवा. माणसाच्या तोंडावर असं बोलायचं जिवावर येतं, म्हणून लक्षात राहिलं. काय बोलावं सुचेना, तेव्हा सरबताचीच तारीफ करत बसलो."

मी त्यांचा पेला उचलून घेतला. ते थोडा वेळ बसले, "मास्तरांना नमस्कार सांगा," म्हणाले आणि गेले. आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं असावं, कारण उंबऱ्याशी दोनदा थांबले.

मी स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या बरणीवरची फळी हातात घेतली. मूळचं काय होतं ते आता मलाही सांगता येईना. ती चित्रं खरंच चांगली होती का? शंभरांतली एक होती का? मला काय कळतं? मला एवढं आठवतं की लावणीचं एक चित्र होतं, ते बघताना माझ्या पायांना गार चिखल लागायचा. हे मी यांना कधी सांगितलं नाही. मी नाकं मोजत होते.

हे आले. टोपी खुंटीला लावली, हात धुतले, चहा मागितला. मी चहा दिला आणि समोर उभी राहिले.

"मुंबईचे पाहुणे आले होते."

"कोण?"

"चित्रं बघणारे. तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

यांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरला.

"मी त्यांची माफी मागितली," मी म्हटलं. "बारा वर्षं मागायची होती, ती मागितली. ते म्हणाले, चित्रं मागवलीच नव्हती."

बशी खाली ठेवताना चहा सांडला. मी पुसला नाही. मला सगळं बोलायचं होतं. माहेर, परीक्षा, सासूबाई, लग्नामुंजीतली ती च्यक् च्यक्. बाहेर आलं तेवढं एकच.

"मला एकटीला तरी सांगायचं होतंत. मी हसले असते का हो?"

यांनी अंगणाकडे तोंड वळवलं. रागावलेले नव्हते, लाजलेलेही दिसले नाहीत. फार दमलेले दिसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले:

"तुझ्या त्या तेलाखाली माझी चित्रं बारा वर्षं चांगली राहिली होती. नासवलीस ती आज."